पश्चिमेकडचं पाणी

ताई दात करायची. डॉक्टरकडून जबड्याचं माप आलं की साचा भरायचा, दात घडवायचा, घासायचा आणि शेवटी रंग द्यायचा. लोकांना वाटतं दात पांढरा असतो. तिच्या टेबलावर दातांच्या सोळा छटांची पट्टी असायची आणि त्यातली एकही पांढरी नव्हती. सत्तावीस वर्षं हे काम करून समोरचा माणूस हसला की ती आधी छटा बघायची, मग माणूस.

रविवारी ती चित्रं काढायला बाहेर पडायची. पाचसहा जणांचा गट होता. नियम एकच: चित्र जागेवर सुरू करायचं, जागेवरच संपवायचं, घरी नेऊन हात लावायचा नाही. गटात सगळ्यांत वडील निवृत्त पोस्टमास्तर. ते जलरंगवाले, ताई तैलरंगवाली, त्यामुळे दोघांचं पटायचं. एकमेकांच्या डबीत कुणी बोट घालत नव्हतं. उजाडताना घडीची स्टुलं मांडायची आणि ऊन चढून सावल्या पळायच्या आत, दोन तासांत, होईल तेवढं करायचं. वारा सुटला की ओल्या रंगावर चिलटं चिकटायची. ताईच्या कितीतरी आभाळांत ती अजून आहेत.

गट जागा बदलत राहायचा. ताई मात्र फिरून फिरून वीटभट्टीमागच्या तळ्यावर यायची. पूर्वेच्या बांधावर बसायची. समोर पाणी, पलीकडे पश्चिमेच्या काठावर एक बुटकं घर, त्यामागे भट्टीची चिमणी. सुरुवातीला ते घर परक्या माणसाचं होतं. पुढे तिच्या धाकट्या भावानं ते विकत घेतलं. तो छापखान्यात मशीन चालवायचा. दिवसभर खडखडाट ऐकला की संध्याकाळी पाण्यासमोर बसावंसं वाटतं, म्हणायचा. चित्र झालं की ताई बांधावरून वळसा घालून त्याच्याकडे चहाला जायची. भावजय दारातच सांगायची, "ताई, चपला बाहेर, आणि ते रंगाचं फडकंसुद्धा."

एका वर्षी गोदामं बांधणाऱ्या एका कंपनीनं सरकारी कचेरीत अर्ज केला. पश्चिमेकडचा भाग हा तळं नव्हेच, असं तिचं म्हणणं. पाऊसपाणी साचतं तेवढंच, उन्हाळ्यात जमीन कोरडी असते, म्हणून तिथं भराव घालायला परवानगी द्यावी. भावाच्या घराच्या पायरीपासून ते पाण्याच्या मध्यापर्यंत सगळी जागा त्यात येत होती. काठावरच्या आठ घरांनी मिळून हरकत घेतली. भाऊ पुढे झाला. पण पुरावा काय द्यायचा? फोटो निघाले ते वाढदिवसाचे. पाण्यापेक्षा पाहुणेच जास्त. तेव्हा हरकतवाल्यांच्या वकिलाला ताईच्या चित्रांची गोष्ट कळली. एकोणीस वर्षांत तिनं तळ्याची तेवीस उन्हाळी चित्रं केली होती आणि प्रत्येकाच्या मागे तारीख आणि वेळ होती.

"याहून काय हवं?" वकील म्हणाले. "जागेवर बसून काढलेली. निम्मा पुरावा तर देवानंच करून ठेवलाय."

सुनावणीच्या आधीच्या शनिवारी दुपारी भावानं तेवीसच्या तेवीस चित्रांचे बोर्ड आपल्या पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून मांडले. त्यातले बारा निवडले. बाराही चित्रांत पाणी थेट घराखालच्या काठाला भिडलेलं होतं.

ताई बराच वेळ बघत उभी राहिली. मग वाकून एकेक बोर्ड बाजूला काढू लागली. एक, दोन, तीन. सात झाले.

"हे नकोत," ती म्हणाली.

"का?"

"या सातांत पाणी नव्हतं. अर्ध्यापर्यंत होतं, पुढे चिखल होता. मी ओढून आणलंय."

"मला माहितीये," भाऊ म्हणाला.

ताईनं वळून पाहिलं. तो बोर्ड पुन्हा जागेवर लावत होता.

"खाली सगळा चिखल आला की चित्र तिथंच मरतं," ती म्हणाली. "म्हणून केलं. कुणाला दाखवायला नाही."

"मग आता कुणाला सांगायलाही जाऊ नकोस. ताई, तुला कोण विचारणार आहे? ते तारीख बघणार, पाणी बघणार, संपलं. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

भावजय चहा घेऊन आली होती. तिनं कप ठेवला आणि परत गेली. ताईनं तेव्हा होही म्हटलं नाही आणि नाहीही. चहा पिऊन ती घरी गेली. बाराही चित्रं दाखल झाली.

सुनावणीची खोली लांबट होती. एका भिंतीला लोखंडी कपाटं, वर कागदांचे गठ्ठे, कोपऱ्यात पंखा. अधिकारी पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवून बोलणारे. कंपनीच्या वकिलीणबाई तरुण होत्या, मऊ बोलायच्या. त्या म्हणाल्या की चित्रं सुंदर आहेत, पण चित्र म्हणजे शेवटी कल्पना. हरकतवाले वकील म्हणाले की ही कल्पना नव्हे, नोंद आहे, मागची तारीख वाचा. दहा मिनिटं असंच चाललं. कंपनीच्या वकिलीणबाईंना चित्रात रस नव्हता. त्यांची सगळी तयारी नकाशांवर होती. त्या ताईला प्रश्न न विचारताच बसल्या.

अधिकाऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. एक बोर्ड हातात धरून त्यांनी सहज विचारलं, "बाई, हे सगळं असंच होतं ना?"

भाऊ मागच्या बाकावर होता. ताईनं त्याच्याकडे बघितलं नाही.

"पाचांत होतं," ती म्हणाली. "सातांत नव्हतं."

हरकतवाल्या वकिलांनी हातातलं पेन खाली ठेवलं. कंपनीच्या वकिलीणबाई मात्र ताडकन उठल्या.

"म्हणजे तुम्ही कबूल करता, ही चित्रं खोटी आहेत?"

"चित्र म्हणून ती बरोबर आहेत. पाणी म्हणून चूक."

"मग बाकीची पाच तरी खरी कशावरून? की तीही चित्र म्हणून बरोबर?"

ताईनं टेबलावर बारा बोर्ड ओळीनं लावायची परवानगी मागितली. मिळाली. अधिकारी खुर्ची सोडून पुढे आले.

"घर काठापासून जरा मागे आहे," ती म्हणाली. "मी बसते समोरच्या बांधावर. खरं पाणी काठापर्यंत असलं की त्यात घराचं छप्पर उलटं दिसतं, खिडकीचा वरचा भाग दिसतो. दार दिसत नाही. काठ आड येतो. हे बघा, पाचही चित्रांत दार नाही."

"आणि सातांत?"

"सातांत आहे. तिथं बघायला पाणीच नव्हतं. मग मी घर नुसतं उलटं करून टाकलं, दारासकट. चूक आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं. परवा शनिवारी सगळी एका ओळीत बघितली तेव्हा दिसलं."

अधिकाऱ्यांनी वाकून एकेक चित्र पाहिलं. बोटानं दारं मोजली. सात भरली. त्यांनी कंपनीच्या वकिलीणबाईंना बोलावून दाखवलं, त्यांनीही मोजली. मग अधिकारी म्हणाले, "उरलेली अकराही घेऊन या."

"त्यात बराच चिखल आहे," ताई म्हणाली.

"असू दे. आणा."

बाहेर जिन्यावर भावानं तिला गाठलं. तो ओरडला नाही. "विचारलं तेव्हा नुसतं हो म्हणायचं होतं," तो म्हणाला. "दोन अक्षरंसुद्धा नाहीत. एक."

"म्हणता आलं नाही रे."

"सात वेळा पाणी घालता आलं तुला."

तो पुढे निघून गेला. पुढच्या तारखेला तिनं एकटीनं रिक्षातून बाकीचे बोर्ड नेऊन दिले.

चार महिन्यांनी निकाल लागला. दर उन्हाळ्यात, अगदी कोरड्या वर्षीही, पाणी जिथवर टिकलेलं दिसत होतं तिथवर तळं कायम. त्याच्या पलीकडे, घरांच्या बाजूला, भरावाला हरकत नाही. ही रेघ सोळा खऱ्या चित्रांवरून ठरली. कंपनीला मागितलं त्याच्या निम्मं मिळालं. हरकतवाल्यांचं निम्मं वाचलं. दोन्ही वकिलांनी आपापल्या माणसांना आपण जिंकलो असं सांगितलं.

भावाच्या वाट्याला मात्र गेलेलं निम्मं आलं. पायरीपासून साठ पावलांवर पत्र्याची निळी भिंत उभी राहिली. शेजारच्या एकानं ताईला रस्त्यात अडवून ऐकवलं, "तुमच्यासारखी बहीण असली की वैरी कशाला हवा?" ती म्हणाली, "खरं आहे," आणि भाजी घेऊन घरी आली. भावाचा फोन बंद झाला. भावजय अधूनमधून करायची, पण हवापाण्याचं बोलून ठेवायची. एकदा मात्र म्हणाली, "आपलेच दात, आपलेच ओठ, ताई. चावले तर सांगायचं कुणाला?"

त्या सबंध वर्षात ताईची चित्रं बिघडली. ती जे दिसेल ते सगळं काढायला लागली. तारा, खांब, टाकीवरची पाटी, पाटीवरची अक्षरं. फांदी इंचभर सरकवायची तरी हात थांबायचा. गटातले तिचं चित्र बघून "छान" म्हणायचे आणि पुढे सरकायचे. छान म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. एका रविवारी कालव्याकाठी पोस्टमास्तर तिच्या मागे येऊन उभे राहिले. जरा वेळानं म्हणाले, "अहो, तो मधला खांब चित्राच्या पोटात सुरा घातल्यासारखा दिसतोय."

"तिथं आहे तो."

"असेल. सरकारनं घातलाय. तुम्ही कशाला घालताय?"

ताईला हसू आलं. बऱ्याच महिन्यांनी आलं. तिनं फडक्यानं खांब पुसला, आणि तिथं मागच्या शेताचा रंग भरला. चित्र एकदम मोकळं झालं. पोस्टमास्तर आपल्या स्टुलाकडे गेले. तिकडे त्यांचं आभाळ वाळून गेलं होतं, त्यावरून ते बराच वेळ कुरकुरत राहिले.

पुढच्या वर्षी भावानं घर विकलं. घेणारा कंपनीचाच कुणी कारकून होता. त्याला गोदामाजवळ जागा हवी होती. भावजयीला मनातून बरंच वाटलं. सोळा वर्षं डास मारून ती कंटाळली होती, हे तिनं आता पहिल्यांदा उघड सांगितलं. सामान हलवायच्या आदल्या रविवारी सकाळी भाऊ ताईच्या दारात उभा राहिला. दीड वर्षानं. केस पिकले होते. तो हसला तेव्हा तिला दिसलं, वरचा एक दात गेला होता.

"एक चित्र दे," तो म्हणाला. "नव्या घरात समोर नुसती भिंत आहे."

कचेरीतून परत आलेले बोर्ड तिनं अजून सोडलेही नव्हते. तिनं दोरी कापली. तो खाली बसला आणि एकेक बघत गेला. पाच खऱ्यांतलं सर्वांत चांगलं तिनं पुढे केलं. त्यानं ते बाजूला ठेवलं. शोधून शोधून एक जुनं, सतरा वर्षांपूर्वीचं, बाहेर काढलं. काठोकाठ पाणी, उलटं घर, उलटं दार.

"हे खोटं आहे रे."

"माहितीये. हे तुझ्याकडे भिंतीवर होतं तेव्हा मी बघितलं आणि त्या घराची चौकशी केली. ह्याच्यावरून घेतलं मी ते घर."

ताईनं चित्र उचलून उजेडात धरलं.

"पहिल्या उन्हाळ्यात पायरीवर येऊन बसलो तर समोर चिखल. वासही यायचा. तेव्हाच कळलं, तू काय केलंयस ते. म्हटलं, पुढच्या वर्षी येईल पाणी."

"आणि आलं?"

"पाचदा आलं ना. तूच सांगितलंस."

तिनं विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस. तो म्हणाला, चहाला यायचीस तेव्हा बरं वाटायचं, कशाला काढायचं. मग तो उठला. ताईनं जुनी चादर आणली आणि चित्र तीत गुंडाळलं. त्यानं ते काखेत धरून बघितलं, जमेना. दोन्ही हातांत आडवं धरलं. दारातून तिरकं होऊन बाहेर पडताना म्हणाला, "दाताचं माप द्यायला कधी येऊ?"

"मंगळवारी ये," ती म्हणाली. "डॉक्टरकडून माप घेऊन."