पालथा मोबाईल

मी मोबाईलचं कव्हर बोलतोय. तेच पिवळं, कोपऱ्यात झिजलेलं. मोबाईलचं तोंड सदानकदा माझ्या मालकिणीकडे असतं आणि माझं समोर बसलेल्या माणसाकडे. त्यामुळे तिला जे दिसत नाही ते मला दिसतं. तिने नुसतं "हं, हं" केलं की आई वाक्य अर्ध्यावर सोडून उठते, ते मी रोज बघतो.

कारखान्यातल्या साच्यातून आम्ही ढिगाने निघालो. पण मी आणि माझ्या शेजारच्या भावाने नशीब काढलं. रस्त्यावरच्या एकाच गाडीवरून दोन मैत्रिणींनी आम्हाला उचललं. "दोघींना सेम टू सेम घेऊ या गं!" त्यातली चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी ती माझी मालकीण. दुसरी घरी केक करून विकते, ती केकवाली.

दोघी शाळेपासूनच्या. संध्याकाळी चहाला भेटायच्या आणि समोरासमोर बसून आपापल्या मोबाईलमध्ये डोकं घालायच्या. आम्हा भावांची मात्र चंगळ! एकमेकांना पोटभर बघून घ्यायचो.

मग केकवालीच्या केकच्या फोटोंना हजारांनी लाईक यायला लागले. माझी मालकीण जेवणाच्या सुट्टीत ते बघत बसायची, डबा तसाच. मध्येच स्वतःचा एखादा फोटो टाकायची आणि घटकाभराने काढून टाकायची. मनाने चांगली आहे हो पोरगी, पण त्या दिवसांत तिला स्वतःचं काहीच आवडेना. एका दुपारी फणकाऱ्याने म्हणाली, "म्यूटच करते हिला. दिसायलाच नको." अंगठा दाबला आणि डबा उघडला.

पुढे कामाच्या रगाड्यात ती हे साफ विसरली. केकवालीला हेवा कळला नव्हता, पण मालकिणीचा तुटकपणा कळला, आणि चहा बंद पडला. मला भाऊ दिसेनासा झाला. फार चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

एकदा मालकीण घरी तिच्या दादाकडे केकवालीची तक्रार करत होती, "बघ ना दादा, ही आता काही टाकत नाही, काही कळवत नाही. मोठी झाली ना!"

"मग फोन कर की."

"मीच का करू?"

मला बोलता येत असतं तर तिथेच सांगितलं असतं, अगं, तूच तिला म्यूट केलंयस!

एके दिवशी केकवाली तिच्या आईचा हात धरून दुकानात आली. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. "चष्मा करायचा तर तुझ्याकडेच, असा हट्ट धरला हिने," केकवाली कोरडेपणाने म्हणाली.

"काकू, ऑपरेशन? मला कुणी सांगितलंच नाही!"

"स्टोरी टाकली होती मी," केकवाली म्हणाली. "खूप घाबरले होते. सोबत बसायला कुणी येईल का, असं लिहिलं होतं. बघणाऱ्यांत तुझं नाव शोधत बसले होते दिवसभर."

ती स्टोरी आपल्याला कशी दिसली नाही ते बघायला मालकिणीने मोबाईल उचलला. माझ्यासमोर केकवालीचा चेहरा होता, डोळे भरून आलेले. इकडे मालकिणीचा अंगठा थांबला आणि तिने मोबाईल खाली ठेवला.

"मीच तुला म्यूट केलं होतं गं. तुझे ते केक बघवत नव्हते मला."

केकवाली डोळे पुसत म्हणाली, "वेडे, त्यातले अर्धे केक थर्माकोलचे होते. वरून नुसतं क्रीम. फोटोपुरते."

दोघी हसता हसता रडायला लागल्या.

"राहू दे आता चष्मा," काकू म्हणाल्या. "तुम्ही दोघी रडताय, ते बिनचष्म्याचं दिसतंय मला."

आता संध्याकाळचा चहा पुन्हा सुरू झालाय. भेटल्या की दोघी मोबाईल पालथे ठेवतात. मी आणि भाऊ शेजारीशेजारी पडून छताकडे बघतो. वर एक पंखा आहे, तोही कुरकुरणारा. पण कानावर त्यांच्या गप्पा पडत असतात, मग आम्हाला आणखी काय हवं?

माझा कोपरा आता फाटलाय. लवकरच मला बदलतील, त्याचं काही नाही. पण तुमच्याही मोबाईलला माझ्यासारखं एखादं कव्हर असेलच. आपलं माणूस समोर बसलं की त्या कव्हरला थोडा वेळ छत बघू द्या. समोरचा चेहरा तुम्ही बघा. आम्ही कव्हरं आजवर तो तुमच्या वाटचा बघत आलोय.