अल मनखूलच्या कपाटावरची गिटार

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. माझ्या तारा पोलादाच्या नाहीत, नायलॉनच्या आहेत. त्यामुळे माझा आवाज मऊ आहे, मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत तो पोचत नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मला लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि तीच आज तुम्हांला सांगणार आहे.

लिस्बन शहरातल्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझी पाठ शिसवीची आहे. हे लाकूड हिंदुस्थानातून जहाजानं आलं, असं माझा कारागीर सांगायचा. मग जहाजानंच मी आफ्रिकेला गेले, मोझांबिकच्या बंदरात, ज्याला आता मापुटो म्हणतात. तिथे गोदीतल्या एका कारकुनानं मला आपल्या मुलीसाठी विकत घेतलं. त्याचे आजोबा फार वर्षांपूर्वी दमणहून तिकडे गेलेले. मुलीचं नाव सुरैय्या. त्या घरात पोर्तुगीज बोलत आणि रागावायची वेळ आली की हिंदीवर येत.

ब्राझीलची भाषाही पोर्तुगीजच. त्यामुळे तिथली गाणी रेडिओवरून आमच्या घरी येत. त्या गाण्यांना बोसा नोव्हा म्हणतात. तुम्ही हे नाव कदाचित ऐकलं नसेल, म्हणून थोडं सांगते. सांबा म्हणजे ब्राझीलचं ढोलांचं, रस्त्यावरच्या मिरवणुकीचं संगीत. १९५८च्या सुमारास रिओ शहरातल्या काही तरुण मंडळींनी हा सांबा घरात आणला, आणि घरात आल्यावर साहजिकच त्याचा आवाज खाली आला. नारा लेआंव नावाच्या मुलीच्या आईवडिलांच्या फ्लॅटमध्ये ही मंडळी जमत. टॉम जोबीम हे त्यांच्यातले संगीतकार. हसू आणि उदासी एकाच ओळीत कशी बसवायची हे त्यांना ठाऊक होतं. आणि जुआंव जिल्बर्टो हे गायक. ते बहिणीच्या घरी राहायला गेले असताना न्हाणीघराचं दार लावून तासन्‌तास गिटार वाजवत बसत, कारण तिथे हलका सूरही नीट ऐकू येई. सगळ्या ढोलांचा ताल त्यांनी एका उजव्या हातात आणला. अंगठा ठेका सोडत नाही, बाकीची बोटं त्याच्या जरा पुढे नाहीतर जरा मागे पडतात. गळा मात्र शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं इतकाच उघडायचा.

सुरैय्या हे सगळं माझ्यावर शिकली. मी तिच्या लग्नात वाजले. तिची मुलगी सायरा माझ्याच आवाजावर झोपायची. पुढे नवरा गेला आणि सुरैय्या नोकरीसाठी दुबईला आली. एका मोठ्या हॉटेलच्या लाउंजमध्ये ती संध्याकाळी गायची. तिथे वायर जोडायची नवी गिटार होती. मी खोलीवर असायची, तिच्या स्वतःच्या वाजवण्यासाठी.

त्याच हॉटेलच्या एचआरमध्ये विभावरी होती. मूळची पुण्याची. नवरा शैलेंद्र एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत इंजिनिअर, मुलगी उर्वी पाच वर्षांची, आणि घर दुबईच्याच अल मनखूल भागातल्या एका जुन्या इमारतीत. लाउंजमधलं गाणं ऐकून विभावरी एकदा सुरैय्याला म्हणाली, “दीदी, मला शिकवाल?” तेव्हापासून दर शुक्रवारी सुरैय्या मला घेऊन त्यांच्या घरी येऊ लागली. काही दिवसांनी तिने मला तिथेच ठेवलं. आठवडाभर विभावरीला सराव करता यावा म्हणून.

विभावरी हळूहळू शिकली, पण मन लावून. ऑफिसमधून आली की चपला काढायच्या आधी मला हातात घ्यायची. एका शुक्रवारी तिने पहिल्यांदा अख्खं गाणं न अडखळता वाजवलं. सुरैय्याने मिटलेले डोळे उघडले आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, (तिचं हिंदी मी तुमच्यासाठी मराठीत सांगते) “फिल्या, आता तू स्वतःला ऐकायला लागलीस.” फिल्या म्हणजे लेकी. विभावरीचे कान लाल झाले. माझ्या आयुष्यातले ते फार चांगले दिवस होते.

मग २००८ साल संपत आलं. अमेरिकेतल्या बँका बुडाल्या आणि त्याचे हादरे दुबईपर्यंत पोचले. शैलेंद्रची साइट बंद पडली. क्रेन जागच्या जागी उभ्या राहिल्या. खालच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांवर धुळीचा थर बसत गेला, त्यांचे मालक देश सोडून गेले होते. घरातली बोलणी हलक्या आवाजात होऊ लागली. उर्वी आत आली की आईबाप विषय बदलत.

जानेवारीतल्या एका गुरुवारी संध्याकाळी विभावरी लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. मी समोरच्या खुर्चीवर होते. शैलेंद्र चहा घेऊन आला.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“लिस्ट द्यायचीय रविवारपर्यंत. हाउसकीपिंगमधले अकरा, फ्रंट ऑफिसचे चार. आणि म्युझिशियन तिघं आहेत, त्यातला एक कमी करा म्हणाले. नाव मी सुचवायचं.”

“मग?”

“पियानोवाला भांडेल, लेबर ऑफिसला जाईल. ते अरबी ऊद वाद्य वाजवणारा मॅनेजरच्या ओळखीचा आहे.” तिने लॅपटॉप जवळ ओढला. “दीदी काही गडबड करणार नाहीत.”

शैलेंद्रने कप खाली ठेवला. “त्या तुझ्या टीचर आहेत, विभा.”

“तेच तर. त्यांना ठेवलं तर सगळे म्हणतील, स्वतःच्या टीचरला वाचवलं. मग पुढच्या लिस्टमध्ये माझंच नाव. तुझी साइट बंद आहे. माझाही व्हिसा गेला तर उर्वीची शाळा, हे घर, सगळंच खलास.”

शैलेंद्र कप उचलून आत गेला. तिने नाव टाइप केलं. मी ते ऐकलं, मित्रांनो. माझ्या पोकळ पोटात त्या घरातला प्रत्येक आवाज घुमतो, पण कुणाची बोटं लागल्याशिवाय मला बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. नेहमीप्रमाणे सुरैय्या आली. येताना उर्वीसाठी खजुराचा केक आणला होता. बसल्या बसल्या तिने विचारलं, “फिल्या, हॉटेलात सगळे घाबरलेत. लिस्ट निघणार म्हणतात. तू तिथेच बसतेस. मला खरं सांग, माझं नाव आहे का? असेल तर आत्ताच सांग, म्हणजे मी सायराला कळवते, सामानाचं बघते.”

विभावरी माझ्या तारा जुळवत होती. तिने मान वर केली नाही. “नाही दीदी. तसं काही नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

सुरैय्याने असा श्वास सोडला, जणू आठवडाभर तो धरूनच ठेवला होता. मग मला मांडीवर घेतलं. त्या दिवशी तिने दोन तास वाजवलं, शिकवायचं विसरून. मध्येच गाणं थांबवून हसली आणि उर्वीला कुशीत घेतलं. इतकी सुंदर मी त्याआधी कधी वाजले नव्हते. आणि त्या प्रत्येक सुराची मला लाज वाटत होती. विभावरी समोर बसून टाळ्या वाजवत होती, आणि तिचे हात थंडगार पडलेले मला नंतर कळले, तिने मला उचलून ठेवलं तेव्हा.

सोमवारी सुरैय्याच्या हातात पत्र पडलं. व्हिसा रद्द, देश सोडायला तीस दिवस.

त्या तीस दिवसांत ती एकदाच आली. विभावरीने दार उघडलं. सुरैय्या काही बोलायच्या आधीच विभावरी घाईघाईने म्हणाली, “दीदी, मी खूप प्रयत्न केला. वरच्या लोकांशी भांडले. त्यांनी ऐकलं नाही.”

हे तिला कुणी विचारलं नव्हतं. पहिल्या खोट्यानेच ते दुसरं तिच्या तोंडून काढलं.

सुरैय्याचे डोळे भरून आले. “माझ्यासाठी भांडलीस? नोकरी धोक्यात घालून?” तिने विभावरीला जवळ घेतलं. मग माझ्याकडे बघितलं. “ही तुझ्याकडेच राहू दे. जी माझ्यासाठी भांडली, तिच्याकडे.”

विभावरी म्हणाली, “नको, दीदी. खरंच नको.” सुरैय्याला वाटलं, भिडेखातर म्हणते आहे. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि गेली.

त्यानंतर विभावरीने मला वाजवलं नाही. आधी मी कोपऱ्यात होते, मग पलंगाखाली, मग बेडरूमच्या कपाटावर. कपाटासमोरच एसी होता. त्याचा कोरडा वारा दिवसरात्र माझ्या अंगावर यायचा. दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या पोटाला लांब चीर गेली. तारा जिथे बांधतात ती पट्टी उचकटली. एक तार आपोआप तुटली, तेव्हा खाली विभावरी कपड्यांच्या घड्या घालत होती. ती दचकली, वर बघितलं आणि खोलीबाहेर निघून गेली. तिला माझा राग नव्हता. माझ्याकडे बघणं तिला जमत नव्हतं. पण लाकडाला ते कारण कळून काय उपयोग?

अशी सहा वर्षं गेली. शैलेंद्रला दुसरी नोकरी मिळाली. उर्वी बारा वर्षांची झाली. २०१५च्या फेब्रुवारीत, एका दुपारी विभावरीच्या फोनवर निरोप आला. तो तिने उभ्या उभ्याच मोठ्याने वाचला. सुरैय्या परत आली होती, दुबईशेजारच्या शारजाला, सायराकडे. सायरा आता तिथे नर्स होती. निरोपाच्या शेवटी लिहिलं होतं, “माझी गिटार कशी आहे?”

विभावरीने मला खाली काढलं. धुळीने तिला शिंका आल्या. शैलेंद्र चीर बघून म्हणाला, “दुरुस्त करून देऊन टाक, खलास. नाहीतर नवीन घे. चारशे दिरहमला चांगली येते, म्हणजे सात हजार रुपये. बाकीचं कशाला उकरून काढतेस?”

दारात उर्वी उभी होती. “बाकीचं म्हणजे काय? व्हॉट डिड यू डू, ममा?”

विभावरी पलंगावर बसली. मला मांडीवर धरूनच तिने मुलीला सगळं सांगितलं. उर्वीने शेवटपर्यंत ऐकलं. मग ती एवढंच म्हणाली, “डझ शी नो?” विभावरीने मान हलवली. नाही.

शारजात अंबादास नावाचे एक मराठी सुतार होते. त्यांच्याकडे मला नेलं. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं. “एसीच्या तोंडावर ठेवली होती का, ताई?”

“हो.”

“लाकूड आहे ते. त्यालाही कोरड पडते.”

त्यांनी चीर बुजवली, पट्टी चिकटवली, आठ दिवस शिकंज्यात आवळून ठेवलं. खूण राहिली, पण मी पुन्हा बोलू लागले.

मार्चमधल्या एका शुक्रवारी विभावरी मला घेऊन एकटीच सायराच्या घरी गेली. सुरैय्याचे केस पांढरे झाले होते. तिने आधी विभावरीला मिठी मारली, मग मला घेतलं, चिरेवरून बोट फिरवलं आणि तारा जुळवू लागली.

“दीदी, मला काही सांगायचंय. ती लिस्ट मीच केली होती. तिघांतून एक नाव द्यायचं होतं. मी तुमचं दिलं.”

सुरैय्याचा हात खुंटीवर थांबला. “पण तू भांडलीस ना माझ्यासाठी?”

“नाही.”

“एकदाही?”

“नाही, दीदी. तुम्ही गप्प राहाल, म्हणूनच तुमचं दिलं. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा नाव टाइप करून झालं होतं.”

आतल्या खोलीत नळ वाहत होता, तो कुणीतरी बंद केला. सुरैय्याने मला मांडीवर आडवं ठेवलं. “मी मापुटोत सगळ्यांना सांगितलं. सायराच्या पोरांना सांगितलं. दुबईत एक मुलगी माझ्यासाठी साहेबांशी भांडली. वाईट दिवसांत मी तेच आठवायची. सहा वर्षं. आता मी त्यांना काय सांगू?”

मग तिने मला उचलून भिंतीला टेकवलं.

“गिटार राहू दे. तू जा.”

ती गेली. तिच्यासाठी केलेला चहा तसाच राहिला.

तीन आठवड्यांनी दाराची बेल वाजली. उर्वी एकटीच उभी होती. “आंटी, आय वॉन्ट टू लर्न. ममा म्हणाली, यू मे से नो.”

सुरैय्याने तिला निरखून पाहिलं. “आई कुठाय?”

“खाली. इन द कार.”

सुरैय्याने दार उघडं धरलं. तिने उर्वीला शिकवलं, माझ्यावरच. विभावरीचं नाव काढलं नाही. पुढच्या शुक्रवारीही तसंच, त्याच्या पुढच्याही. मे महिना लागला, ऊन भाजून काढू लागलं. सातव्या शुक्रवारी उर्वीचा ठेका पुन्हा पुन्हा चुकत होता. सुरैय्या उठून खिडकीशी गेली आणि बराच वेळ खाली बघत राहिली.

“तुझी आई गाडीबाहेर सावलीला उभी आहे,” ती म्हणाली. “तिला फोन कर. वर ये म्हणावं. माफ केलं असं सांगू नकोस, ते अजून व्हायचंय. खाली गरम होतंय, एवढंच सांग.”

विभावरी वर आली. दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसली. सुरैय्याने तिला पाणी दिलं. मग मला उर्वीच्या हातातून काढून विभावरीच्या मांडीवर ठेवलं. “पोरीला अंगठा कसा ठेवायचा ते दाखव.”

सहा वर्षांनी तिची बोटं माझ्या तारांना लागली. ठेका चुकला.

“पुन्हा,” सुरैय्या म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला एसीच्या तोंडाशी ठेवू नका, आणि महिन्यातून एकदा तरी हातात घ्या. आणि कुणाशी खोटं बोलून बसला असाल, तर ज्याच्याशी बोललात त्याच्याच दाराशी जाऊन खरं सांगा. ते दार उघडेलच, अशी हमी मी देत नाही. विभावरी सात शुक्रवार खाली थांबली होती.