मी कोराच राहायला हवा होतो

मी नकाराचा अर्ज बोलतोय. माझा जन्म फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, दोन हजार भावंडांसोबत झाला.

माझं काम जरा विचित्र आहे. ज्यांच्या मालकाने निवृत्तीची काहीच सोय केलेली नाही, अशांच्या पगारातून थोडे पैसे शहराच्या योजनेत आपोआप साठतात. नोकराने काही करायचं नाही. ज्याला हे नको असेल, त्यानेच माझ्यावर सही करायची. म्हणजे मी कोरा राहिलो, तरच कुणाचं तरी म्हातारपण सावरतं. अशा जन्माचा अभिमान बाळगणं अवघड असतं. मी प्रयत्न केला.

मी थिओ कराव्हासच्या खानावळीत पोचलो. तिथे नोकर दोनच. एकसष्ट वर्षांची अर्नेस्टीन एकतीस वर्षं तिथे ताटं वाहत होती आणि तिचे गुडघे तिच्याहून म्हातारे होते. दुसरा आचारी वेंडेल. तो आलेलं टपालही उघडत नसे.

"निवृत्तीचं काहीतरी आलंय. वाचा रे," म्हणत थिओने आम्हां दोघा अर्जांना गल्ल्यावर ठेवलं.

वेंडेलने माझ्या भावाची घडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली. अर्नेस्टीनने हात धुतले, चष्मा लावला आणि थिओकडून पेन मागून घेतलं.

"अगं, वाच तरी आधी," वेंडेल म्हणाला.

"एवढं बारीक कोण वाचणार? सही केल्याशिवाय सिटी हॉलने मला आजवर काही दिलंय? आईची औषधंसुद्धा चार सह्यांनी मिळाली. तूही कर, आळशा, नाहीतर सत्तरीतही अंडीच परतत बसशील."

मला ओरडायचं होतं. अर्जांना ते जमत नाही. तिने सुरेख, वळणदार सही केली. इतक्या आदराने मला कुणीच हाताळलं नव्हतं.

आठ महिने मी सिटी हॉलच्या कपाटात होतो. मग एके सकाळी खिडकीपाशी आवाज चढला, आणि योलांडा नावाच्या कारकून बाईने मला बाहेर काढलं. समोर अर्नेस्टीन, शेजारी वेंडेल.

"सही मी केली, आणि पैसे याचे साठले? याने तर अर्ज टेबलाखाली घातला होता!"

"म्हणून सांगतो, कुठल्याही कामाची घाई करू नये," वेंडेल म्हणाला.

योलांडाने मला अर्नेस्टीनकडे वळवलं. "बाई, यावर सही म्हणजे 'मला नको'."

अर्नेस्टीनने मला प्रथमच वाचलं. सावकाश, बोट फिरवत.

"न मागता मिळतं, हे मला कसं कळणार?" ती म्हणाली. "मागचे आठ महिने?"

"ते गेले. आजपासून सुरू करता येईल."

"मग आजपासून दुप्पट कापा. माझ्याकडे याच्याइतकी वर्षं नाहीत."

वेंडेलने टोपी काढून हातात घेतली.

माझ्यावर 'रद्द'चा शिक्का बसला. आता मी खालच्या खणात असतो. सिटी हॉलला माझी एकच विनंती आहे. माझ्या भावंडांच्या कपाळावर ठळक छापा: "हवं असेल तर सही करू नका. तुमचं नाव आधीच लागलंय." जन्मभर रांगेत उभ्या राहिलेल्यांना हे खरं वाटणार नाही. म्हणून दोनदा छापा.