लांब सोंडेचा हत्ती

“सोंड जरा लांब कर गं, आक्काताई. धरायला बरी पडेल,” असं मोठ्या बाई म्हणाल्या, आणि आक्काताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मधल्या सुट्टीत डबासुद्धा न खाता ती शाळेमागच्या कट्ट्यावर हत्ती घेऊन बसली.

हत्ती म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेला, लोकरीचा, लिंबाएवढा. पांढरा, निळ्या कानांचा. क्रोशाची सुई तिच्या हातात आली गारगोटीच्या वसतिगृहात. तिथल्या बाईंनी रुमाल आणि तोरणं शिकवली होती, पण हत्ती तिचा स्वतःचा. माहेरच्या भिंतीवर बुद्धाच्या आईच्या, महामायेच्या स्वप्नाचं चित्र होतं, झोपलेल्या राणीकडं येणाऱ्या पांढऱ्या हत्तीचं. लहानपणी जेवताना तिचं ध्यान ताटात कमी आणि त्या हत्तीत जास्त असायचं. मुक्या खांबाचे बारीक टाके घालत गोल गोल विणायचं, जुन्या उशीतला कापूस भरायचा, की झालं पोट. सोंडेचं काम मात्र जिकिरीचं. बोटापेक्षा बारीक नळी, तिच्यात कापूस शिरता शिरत नाही. सुईचं मागचं टोक घालून तो दाबून दाबून भरावा लागतो, नाहीतर सोंड लुळी पडते आणि हत्ती आजारी दिसतो.

हत्ती विणायला कारण घडलं होतं. उचगावच्या त्या खासगी प्राथमिक शाळेतले पंखे चोरीला गेले तेव्हापासून मुख्याध्यापिका, म्हणजेच मोठ्या बाई, सगळ्या किल्ल्या घरी नेत. सकाळी स्कूटीवरून आल्या की जुडगा फाटकाजवळच्या कट्ट्यावर ठेवत. शिपाई म्हणून आक्काताई तो उचलायची, वर्ग उघडायची. संध्याकाळी कुलपं लावून जुडगा बाईंच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायची. अशीच पद्धत असते, असं तिला वाटायचं. एकदा जुडगा कट्ट्यावरून घसरून गटारात पडला. कोपरापर्यंत हात घालून तिनं तो काढला आणि त्याच आठवड्यात हत्ती विणला, लांबूनही दिसावा म्हणून.

आणि काय नवल, बाई किल्ल्या हातात द्यायला लागल्या! हत्तीची सोंड धरून जुडगा वरून सोडायच्या, आक्काताई खाली ओंजळ धरायची. तिला त्याचंच अप्रूप. घरी जाऊन लेकीला, श्रुतीला, तिनं कौतुकानं सांगितलंही होतं, “आता बाई हातात देत्यात की किल्ल्या.”

आता तर बाईंनी आपणहून सोंड लांब करायला सांगितली. तिनं टाके उसवले, नवी लोकर जोडली, बोटभर सोंड वाढवली. शेंडा किंचित वर वळवला. संध्याकाळी बाईंनी ती चिमटीत धरून हलवून बघितली आणि म्हणाल्या, “आता झकास झालं बघ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काताई फाटकाबाहेरच्या टाकीवर घागर भरत होती. बाई आल्या. फाटक बंद होतं म्हणून त्यांनी वॉचमन आकारामला हाक मारली आणि जुडगा त्याच्या तळहातावर ठेवला. हत्ती, सोंड, किल्ल्या, सगळं मुठीत गोळा करून. त्यानं फाटक उघडलं, जुडगा परत दिला, बाईंनी तो त्याच्या हातातून घेतला. त्या काहीतरी बोलल्या, तो हसला. मग त्यांना घागर घेऊन आलेली आक्काताई दिसली. बाईंनी हात लांब केला. जुडगा खाली लोंबत होता आणि बाईंची दोन बोटं सोंडेच्या अगदी शेंड्यावर होती.

दोन्ही गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून तिला त्यांतला फरक दिसला. किल्ल्या ओंजळीत पडल्या, तरी ती तशीच उभी राहिली.

“काय झालं गं? उघड की वर्ग,” बाई म्हणाल्या.

तिनं वर्ग उघडले. बाकं पुसली. फळे पुसताना हात इतका जोरात चालत होता की फडकं फाटलं. दुपारी ती खिचडी शिजवणाऱ्या धोंडुबाईकडं गेली.

“मावशी, बाई माझ्या हातात किल्ल्या कशा देत्यात, बघिटलायसा कधी?”

धोंडुबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. “ही काय इचारायची गोष्ट हाय व्हय? समद्यास्नी ठावं हाय. तुलाच कसं न्हाय कळलं, म्हणत हुतो आमी.”

“मग सांगिटलं का न्हाईसा?”

“तू केवढी खूश हुतीस गं. म्हटलं, कशाला इरजण घाला.”

आक्काताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंचा राग आलाच, पण सगळ्यांना माहीत असून तिचं हुरळणं गमतीनं बघत बसलेल्या या माणसांचाही आला. आणि आपल्या या हातांचा! घरची उशी फोडली, कापूस भरला, वर शेंडा वळवून दिला. धोंडुबाईनं सांडशीनं तापलेलं पातेलं चुलीवरून उतरवलं. आक्काताई त्या सांडशीकडं बघत राहिली. आपण हत्ती नाही विणला, बाईंना सांडशी विणून दिली, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

शाळा सुटली. तिनं एकेक वर्ग बंद केला. शेवटचं कुलूप लावल्यावर जुडग्याच्या कडीतून हत्ती काढला आणि कनवटीला खोचला. नुसत्या किल्ल्या तळहातावर घेऊन ती ऑफिसच्या दारात आली. बाई पर्स खांद्याला लावून निघायच्या तयारीत होत्या. दोन शिक्षिका होत्या, पायरीवर आकाराम होता, पातेली घासून आलेली धोंडुबाई होती.

“किल्ल्या,” आक्काताई म्हणाली आणि तिनं हात पुढं केला.

“हत्ती कुठं गेला गं?”

“काढला.”

“का? चांगला होता की. बरं, ठेव टेबलावर.”

“टेबलावर न्हाई, बाई. हातात घ्या.”

बाईंनी इकडं तिकडं बघितलं. “मला उशीर होतोय, आक्काताई.”

“मलाबी हुतोय. घ्या की.”

“आकाराम, घे रे तिच्याकडनं.”

आकाराम एक पायरी चढला. आक्काताईचं तोंड बघून तिथंच थांबला.

“किल्ल्या तुमी घरला नेता, आकाराम न्हाई. सकाळी त्येच्या हातात दिलासा, त्येच्या हातातनं घेतलासा. तशाच माझ्या हातातनं घ्या.”

बाईंचा चेहरा लाल झाला. “कसलं खूळ घेतलंयस डोक्यात? मी असलं काही मानत नाही. शाहू जयंतीला समतेवर भाषण कोण करतं या शाळेत?”

“तुमीच करता. मी सतरंज्या घालत असतो तवा. मानत न्हाईसा, तर घ्या.”

“नोकरी करायची आहे ना तुला?”

“करायची हाय. म्हणूनच किल्ल्या द्यायला आलोय.”

आक्काताईनं हात आणखी पुढं केला. किल्ल्या एकमेकींवर वाजल्या. तिनं तो खाली घेतला नाही.

शेवटी बाईंनी किल्ल्या घेतल्या. झटकन घेतल्या, तरी बोटं तिच्या तळहाताला लागलीच. घामेजलेली होती, कुणाचीही असावीत तशी.

बाई स्कूटीकडं निघाल्या. जाताना त्यांनी उजवा हात साडीपासून लांब धरला होता, चिखल लागल्यासारखा. सगळ्यांनी ते बघितलं. धोंडुबाईनं मान खाली घातली. आक्काताईला वाटलं होतं, एकदा घ्यायला लावल्या की जिवाला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. राग होता तेवढाच राहिला, तो घेऊनच ती घरी गेली.

श्रुती अभ्यासाला बसली होती. आक्काताईनं चहासुद्धा न घेता कनवटीचा हत्ती काढला आणि सोंडेचा शेंडा कापला. दोरा ओढला तसे टाके भराभर सुटत गेले. आतला कापूस मांडीवर पडला. सुटलेली लोकर वाकडीच राहिली, सरळ होईना. मूळची सोंड आली तिथं ती थांबली, कापूस दाबून भरला, तोंड बंद करून गाठ मारली. मग आपल्या घराच्या कुलपाची किल्ली खिळ्यावरून काढून तिनं हत्तीला लावली.

श्रुतीनं हत्ती उचलून बघितला. “आई, सोंड एवढीशीच?”

“बास हाय की,” आक्काताई म्हणाली. “त्येच्यापुरती हाय.”