मेण विरघळेपर्यंत

माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा, थर्मामीटरवर काडीचाही विश्वास नाही. घराच्या मागच्या खोलीत ते तीस वर्षं चेहऱ्याला लावायची क्रीम बनवतायत, आणि तीसही वर्षं त्यांचं माप एकच. फुलांचा अर्क मेणासारखा घट्ट असतो. तो तेलात घालायचा, तेलाचं भांडं गरम पाण्यात ठेवायचं आणि मधूनमधून ते चिमट्याने उचलून बाहेरून तीन बोटं टेकवायची. एक, दोन, तीन. तीनला बोटं आपोआप मागे आली की मेण विरघळलं समजायचं. आधी उतरवलं तर क्रीममध्ये कणी राहते, जास्त तापवलं तर वास उडतो. मी रसायनशास्त्र शिकून या घरात आले आणि थर्मामीटर आणला, तेव्हा म्हणाले, "असू दे, शोभेला बरा आहे." मीही काही कमी नाही. तो त्यांच्या नाकासमोर खिळ्याला टांगून ठेवला.

या आठवड्यात दोन घाणे बिघडले. क्रीम मऊसूत, पण वास पार मेलेला. पार्लरवाल्या बाईंना नव्या ऑर्डरआधी नमुना द्यायचा होता. पंधरा वर्षं त्या आमच्याकडूनच क्रीम नेतात. फोनवर मला हळूच म्हणाल्या, "या वेळी नाही जमलं तर मी दुसरीकडे बघते. काकांनाही आता आराम द्या." आराम! त्या खोलीत जायचं बंद झालं तर बाबा दिवसभर करतील काय? मी त्यांना काही बोलले नाही.

"अर्कात भेसळ आहे," बाबांनी निकाल देऊन टाकला. मी अर्कवाल्याला फोन लावला आणि त्याची बिनपाण्याने केली.

आज बाई बाराला येणार होत्या आणि बरणीत जेमतेम दोन छोट्या नमुन्यांपुरता अर्क उरला होता. बाबांनी सकाळीच त्यातला निम्मा तेलात घातला. मी शेजारी डब्या पुसत होते. त्यांनी भांडं उचललं, बोटं टेकवली आणि मोजायला लागले. तीन झाले. चार झाले. नऊ झाले तरी बोटं भांड्यालाच. मी खिळ्यावरचा थर्मामीटर काढून तेलात बुडवला. नव्वद.

"बाबा, हात काढा आधी!"

त्यांचा हात ओढून मी नळाखाली धरला. तिन्ही बोटांची टोकं लालबुंद झाली होती, आणि मधल्या बोटावर एक जुना, सुकलेला फोड होता.

"हा कधीचा?"

"असेल कधीचा तरी."

"दुखला नाही?"

बाबांनी फोड अंगठ्याने दाबून पाहिला आणि नकारार्थी मान हलवली. माझा राग जागच्या जागी विरला. त्यांच्या बोटांना काही कळतच नव्हतं. अर्क चांगला होता, आणि अर्कवाल्याची माफी मागायला आता मलाच फोन करावा लागणार होता.

"दुसरा नमुना मी करते," मी म्हटलं. "मी बोटं टेकवते, तुम्ही मोजा."

"तुझी ती काचेची काडी आहे की."

"ती आहेच. तुम्ही मोजा."

त्यांनी मोजलं. आवाज जरा घोगरा झाला होता. तीनला मी हात झटकला. काडी साठावर होती आणि तेल तळापर्यंत नितळ दिसत होतं. क्रीम घोटून झाली तेव्हा खोलीभर फुलांचा वास पसरला होता. बाबांनी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले आणि वाफेला नावं ठेवली.

बाई आल्या. त्यांनी क्रीम मनगटावर चोळली, हुंगली आणि म्हणाल्या, "काकांच्या हाताची सर कुणाला नाही." बाबा कसनुसं हसले. बाईंची पाठ वळताच मी विचारलं, "किती दिवस झाले?"

"सहा महिने. आधी टोकंच जरा बधिर व्हायची, आता काहीच कळत नाही."

"आणि एका ऑर्डरसाठी हे लपवून ठेवलंत?"

"ऑर्डरचं काय घेऊन बसलीस." ते स्टुलावर टेकले. "गेल्या महिन्यात छोटीला ताप होता बघ. मी सकाळी तिच्या कपाळाला हात लावला आणि बरी आहे म्हणून शाळेत सोडून आलो. हाताला काही लागलंच नाही गं. वाटलं, हे तुला कळलं तर तू तिला माझ्याकडे ठेवणार नाहीस."

छोटी म्हणजे माझी चार वर्षांची मुलगी. तिला उठवण्यापासून झोपवण्यापर्यंत सगळं बाबा बघतात. त्या दिवशी शाळेतून फोन आला तेव्हा मी त्यांना वाट्टेल ते बोलले होते, आणि त्यांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं होतं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

"उद्या डॉक्टरकडे जायचं," मी म्हटलं. "नाटकं नकोत."

"बरं."

"आणि तिच्या आंघोळीचं पाणी तेवढं मी काढत जाईन. ताप आहे की नाही तेही मी बघेन. बाकी सगळं तुमच्याकडेच."

ते स्टुलावरून उठलेच नाहीत.

"आता बसलात काय?" मी म्हटलं. "तिची शाळा सुटायची वेळ झाली."