पाण्यालगतची खोली

मी एक जुनी खोली आहे, मित्रांनो. पण माझ्या पायाशी जमीन नाही, पाणी आहे. बर्फाळ समुद्रात हौशी प्रवाशांना फिरवून आणणाऱ्या एका लहानशा जहाजाच्या अगदी खालच्या मजल्यावर, इंजिनाच्या शेजारी माझा मुक्काम.

मला घडवले तेव्हा सुताराने माझ्या एवढ्याशा अंगात एक संसारच बसवला. एकावर एक दोन बर्थ, भिंतीत मिटणारे टेबल, जहाज डोलले तरी कप घसरू नये म्हणून कड लावलेली फळी, ओले मोजे वाळत घालायला गरम पाण्याची नळी आणि पाण्याच्या जेमतेम वर एक गोल खिडकी. "हात लांब केला की सगळं हाताशी," असे म्हणून त्याने माझ्या दारावर थाप मारली. मला ती शाबासकीच वाटली.

सुरुवातीची वर्षे कौतुकात गेली. पुढे वरच्या मजल्यावर काचेच्या भिंतींच्या ऐसपैस खोल्या झाल्या, मऊ खुर्च्यांचे वाचनालय आले, गरम पाण्याचा हौद आला. मग माझ्याकडे येणारा जो तो नाक मुरडू लागला. फक्त खोल्या आवरणारी मावशी माझे लाड करी. चादर ताणताना म्हणे, "काय गं, तुझा हीटर पुन्हा रुसला का?"

एकदा दोन बहिणी माझ्याकडे राहायला आल्या. आईच्या माघारी थोरलीने धाकटीला वाढवले होते. आता धाकटीचेही केस पिकले होते, आणि तिनेच हट्टाने ताईला या सफरीवर आणले होते. दार उघडताच तिचा पारा चढला.

"ही खोली आहे की डबा? ताई, तू बस. मी खोली बदलूनच आणते."

"अगं, मला झोपायला असा कितीसा महाल लागतो?" ताई हसली.

मावशीने समजूत काढली. वरच्या एका खोलीत नळाची दुरुस्ती चालली होती. ती झाली की ती खोली उद्या देते, असे मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जहाज थांबले. शिडीवरून रबरी होडीत उतरायचे आणि देवमासे पाहायला जायचे, असा बेत होता. पण शिडीवर पाऊल टाकताच ताईच्या गुडघ्याने दगा दिला. ती लंगडत माझ्याकडे परतली. मागोमाग धाकटी आली आणि लाइफ जॅकेट काढू लागली.

"मीही नाही जात."

"लहानपणापासून देवमासा देवमासा करतेस. माझ्या गुडघ्यापायी इथे बसलीस, तर मला घास गोड लागणार नाही. जा, डोळे भरून बघ!"

धाकटी फुरंगटूनच गेली. दार लागले, आणि मग ताईने शालीच्या टोकाने डोळे टिपले. तिलाही जायचे होते, मित्रांनो.

इंजिन बंद होते. अचानक खिडकीबाहेरचे पाणी काळेभोर झाले. एक प्रचंड पाठ वर आली, वळली, आणि काचेपासून हातभर अंतरावर एक मोठा, शांत डोळा येऊन थांबला. ताईने काचेवर तळवा टेकवला.

"आलास? बैस रे बाबा," ती हळूच म्हणाली. "पाहुण्याला पाणी विचारावं, पण तुला काय विचारू!"

त्याने श्वास सोडला. माझी काच थरथरली, तुषारांनी भिजली, आणि तो खाली गेला.

धाकटी परतली ती मान खाली घालून. "धुकंच होतं गं. काही दिसलं नाही."

"नाक लाल, डोळे लखलख, आणि म्हणे काही दिसलं नाही! माझ्यापासून लपवतेस?"

"तीन दिसले," धाकटी पुटपुटली. "तुला वाईट वाटेल म्हणून…"

मग ताईने आपल्या पाहुण्याची हकिकत सांगितली. धाकटी हसता हसता रडू लागली. "मी थंडीत कुडकुडत त्याच्यामागे गेले, आणि हा तुझ्या दारात!"

तेवढ्यात मावशी वरच्या खोलीची किल्ली घेऊन आली.

"राहू दे, मावशी," ताई म्हणाली. "तो परत आला आणि आम्ही घर बदललेलं असलं तर?"

तो परत आला नाही. तरी सफर संपेपर्यंत दोघी खालच्या बर्थवर खांद्याला खांदा लावून बसत.

पुढे मी म्हातारी झाले, आणि मला सामानाची कोठी करायचे ठरले. मावशी कॅप्टनसमोर उभी राहिली. "साहेब, खोकी कुठेही मावतील. जहाजावर राबून दमलेल्या माणसांनी टेकायचं कुठे?" कॅप्टन स्वतः येऊन बर्थवर बसला, आणि हातातला चहा गार झाला तरी उठला नाही.

माझी कोठी झालीच नाही. आता माझ्याकडे विसावायला इंजिनाचा मिस्त्री येतो, मावशी येते, स्वयंपाकी येतो. स्वयंपाक्याचे घोरणे इंजिनालाही हरवते! पण कामाची पाळी बदलली की सगळे घाईने निघून जातात, आणि काचेवर बोटांचे आणि वाफेचे डाग तसेच सुकतात. मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. जिथे तुम्ही विसावता, त्या जागेवरून उठताना एक ओले फडके फिरवत जा. तुमच्यानंतर कोणीतरी दमून येणार असते, आणि त्यालाही बाहेरचे दिसायला हवे.