सर्व्हिसिंग झाली

सूरजच्या मोबाइलवर मेसेज आला की सोनूबाई तो सुनेपुढे धरत. त्यांना वाचता येत नव्हतं. सूरज, त्यांचा मुलगा, जाऊन दोन महिने झाले होते.

"बघ की गं, कुणाचं हाय?"

"शोरूमचं हाय, आत्ती. गाडीची सर्व्हिसिंग राहिलीया म्हणत्यात."

संघप्रियाने न अडखळता वाचून दाखवलं. मजकूर तिनेच लिहिलेला होता.

कोल्हापुरातल्या त्या मोटारसायकलच्या शोरूममध्ये ती कॉम्प्युटरवर बसायची. २००८ साली मालकांनी आपोआप मेसेज पाठवणारी सिस्टीम घेतली, तिच्या पायऱ्या संघप्रियानेच लावल्या. गाडी विकली की गिऱ्हाइकाचं नाव, नंबर आणि तारीख पहिल्या पायरीत जायची. आठ दिवसांनी अभिनंदन, महिन्याने सर्व्हिसिंगची आठवण. वर्कशॉपवाल्याने 'सर्व्हिसिंग झाली' अशी नोंद केली की ती पुढच्या पायरीला पोचायची आणि आभाराचा मेसेज जायचा. नोंद नाही आली, तर दर सोमवारी पुन्हा आठवण.

सूरजने गाडी घेतली आणि बाविसाव्या दिवशी कामावर जाताना कागलजवळ त्याला ट्रकने उडवलं. ते सगळं शोरूममधल्याच विम्याच्या टेबलावरच्या फायलीत लिहिलेलं होतं. त्या फायलीतलं काहीच सिस्टीमला कळत नव्हतं. तिच्या लेखी सूरज एक आळशी गिऱ्हाईक होता.

संघप्रिया पंधरा दिवसांनी कामावर आली होती. रडत नव्हती. डबा खायची, पण भाजी कसली होती हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मेसेज थांबावेत म्हणून एका बुधवारी तिने सूरजच्या नावापुढे 'सर्व्हिसिंग झाली' असं टाकलं आणि पुढचं काम घेतलं.

गुरुवारी संध्याकाळी ती भाकरी थापत असताना सोनूबाई मोबाइल घेऊन आल्या. पिठाच्या हाताने तिने तो धरला आणि सवयीने वाचत गेली. "सूरजजी, काल आपण सर्व्हिसिंगला आलात, आनंद झाला."

सोनूबाई चुलीजवळ खाली बसल्या.

"काल आलता?"

"न्हाय आत्ती. मीच खोटं लिवलं. मेसेज बंद व्हावं म्हणून."

तव्यावरची भाकरी करपली. दोघींपैकी कुणीच ती उलटली नाही.

"मग खरं लिव की," सोनूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ती मॅनेजर अमरसिंह यांच्यासमोर उभी राहिली. "साहेब, माणूस गेला तर सिस्टीमला कळवायची सोय नाही. ती करायला पाहिजे."

"तुझं दुःख कळतं गं. पण एकच नाव हाय, काढून टाक की."

"एकच आहे का, ते बघायला पाहिजे."

विम्याच्या फायलीत मोठ्या अपघाताची नऊ प्रकरणं निघाली. कोण वाचलं, कोण नाही, ते फायलीत नीट लिहिलेलं नव्हतं. मग तिने पुण्याहून सिस्टीम सांभाळणाऱ्या माणसाला फोन करून 'गिऱ्हाईक वारलं' अशी आणखी एक नोंद वाढवून घेतली. कुठलाही मेसेज जाण्याआधी प्रत्येक पायरी ती नोंद तपासणार होती. पहिलं नाव तिने सूरजचं भरलं. तारीख टाकताना तिला कॅलेंडर बघावं लागलं नाही. उरलेल्या आठ जणांची खात्री करायला ती फोन लावत बसली.

पाच जण धडधाकट होते. सहावा नंबर आजऱ्याचा. पिराजी नावाच्या म्हाताऱ्याने उचलला.

"माझा पोरगा त्यो. गेला की. तुमी दर सोमवारी बोलवताय त्येला."

"चुकलं आमचं, मामा. आजपासून येणार नाही मेसेज."

"बरं झालं. तुमी कोण, पोरी?"

"शोरूममधनं बोलतेय." मग तिच्या तोंडून आपोआप गेलं, "माझा नवरा बी त्याच यादीत हाय."

दोन महिन्यांत तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांना सांगायची गरज पडली नव्हती. म्हातारा फोन ठेवत नव्हता आणि तीही ठेवत नव्हती.

"पाणी पी जरा," तो म्हणाला.

ती पाणी प्यायली. मग तिने मुलगा गेल्याची तारीख विचारून, नीट ऐकून, त्याचं नाव यादीत भरलं आणि सातवा नंबर फिरवला.